घरच्या गाडीचा तिसरा प्लग

"गाडीला काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाला, आणि मिस्त्रीणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का नाही जाणार? थोड्या वेळापूर्वी हीच गाडी पुलाच्या चढावर मधोमध बंद पडली होती. मागच्या सीटवर तिची आई, डायलिसिस करून परत येताना, अंगात त्राण नाही, चेहरा पांढराफटक, उशीला टेकून आडवी. पुढे चढ, मागे गाड्यांची रांग, आणि रांगेतला एकूण एक जण हॉर्नवर हात ठेवून बसलेला. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढून "बाई, जमत नसेल तर घरी बसा की!" असा फुकटचा सल्लाही देऊन टाकला. तिनं चावी फिरवली, गाडीनं आचका दिला. पुन्हा फिरवली, पुन्हा आचका. शेवटी कशीबशी धाप टाकत, धक्के खात ती पूल चढली, आणि दाराशी आल्यावर? दाराशी आल्यावर अशी गुमान गुरगुरायला लागली, जशी काही जन्मात कधी रुसलीच नाही.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली, कान लावला, बॉनेट पाडलं. झालं निदान.

"पुलावर मिसिंग करते, ठोके चुकवते," ती म्हणाली. "चढावर, जोर लागला की. अंगणात उभी करून काय कळणार तुम्हाला?"

"तू क्लच दाबून ठेवतेस."

"मी क्लच दाबत नाही."

"मग पेट्रोलमध्ये कचरा असेल. पण कार्बोरेटर परवाच साफ केला मी. मागच्या महिन्यात प्लगही बदलले. आता आणखी काय करू, आरती ओवाळू गाडीची?" आणि हात पुसत मिस्त्री गिऱ्हाइकाच्या गाडीखाली शिरला, तो पायच तेवढे बाहेर ठेवून.

त्या पायांकडे बघत ती उभी राहिली. आता ही बाई कोण, ते सांगायला हवं. तिला तिच्या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे तिची आई. बाकी सगळ्या रस्त्याला ती मिस्त्रीणबाई. नवरा मिस्त्री, म्हणून ही मिस्त्रीणबाई, एवढा साधा हिशेब. घराची एक भिंत गॅरेजची, गॅरेजची एक भिंत स्वयंपाकघराची, आणि मधे एक दार. लग्न होऊन आल्यापासून तिचा सगळा स्वयंपाक त्या भिंतीपलीकडची ठोकाठोक ऐकत झालेला. कुठली गाडी कशानं कुरकुरते, हे तिला कांदा चिरता चिरता कळायचं. "मिस्त्री, ह्याचा बेल्ट गेलाय," असं ती आतून ओरडायची आणि गिऱ्हाइकं हसायची. मिस्त्रीही हसायचा, आणि मग गुपचूप बेल्ट बघायचा.

ह्या घरात नवीन वस्तू म्हणून काही येत नसे. येत असे तो उतरलेला माल. हा त्यांच्या घरचाच शब्द. गिऱ्हाइकाच्या गाडीतून जे उतरलं आणि गिऱ्हाइकानं नको म्हटलं, ते घरात आलं. बैठकीच्या खोलीतला सोफा म्हणजे भंगारात गेलेल्या एका गाडीची मागची सीट. कपडे वाळत घालायची दोरी म्हणजे दोन सीटबेल्ट एकाला एक जोडलेले. न्हाणीघरातला आरसा एका टेम्पोचा, त्यात कुणीही बघितलं तरी लांब गेल्यासारखं दिसायचं. आणि दाराची घंटा? ट्रकचा हॉर्न! आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा दूधवाल्यानं तो दाबला आणि बिचारी म्हातारी हातातल्या पिशव्यांसकट खाली बसली.

खोटं कशाला सांगा, मिस्त्रीणबाई ह्या सगळ्याचं कौतुक करायची. आलेल्या-गेलेल्याला सोफ्यावर बसवून म्हणायची, "पट्टा लावा हं, घर सुरू करतेय." हसून हसून पुरेवाट. तेव्हा हसू यायचं. आता त्याच सोफ्यावर आई पाय वर घेऊन बसली होती आणि हसू येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मी परवा येणार नाही," आई म्हणाली.

"कुठे येणार नाहीस?"

"दवाखान्यात. बास झालं आता." आईचा आवाज इतका बारीक की त्यातून भांडणसुद्धा निघेना. "तो पूल आला की मी डोळे मिटून घेते गं. सगळे ओरडतात तुझ्यावर. मी मागे पडलेली, मला उठून बसताही येत नाही. आणि जावईबापूंना तरी किती त्रास? आधीच त्यांच्या घरात येऊन राहिलेय. त्यांना काही बोलू नकोस, माझी शपथ आहे."

आईला भाड्याच्या गाडीनं न्यायचा प्रयोग करून झाला होता. येताना आईला उलटी झाली, आणि त्या ड्रायव्हरनं जे तोंड सोडलं ते आईनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. त्यानंतर परक्याच्या गाडीत पाय ठेवायला आई तयार नव्हती. राहिली घरची गाडी. आणि मशीनवर जाणं चुकवलं तर काय होईल, हे डॉक्टरांनी मायलेकींना समोर बसवून सांगितलेलं होतं. पाणी अंगात साठत जातं, श्वास लागतो, आणि मग माणूस जातं. म्हणजे आई पुलाला घाबरून मरायला तयार झाली होती. नवऱ्याचं गॅरेज भिंतीपलीकडे, आणि आई गाडीच्या आचक्यांपायी मरणार! बाईच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. तिनं ते मनगटानं पुसलं आणि उठली.

संध्याकाळ व्हायला आली होती. मिस्त्री कुणाची तरी रस्त्यात पडलेली गाडी बघायला गेला होता. इंजिन एव्हाना गार झालेलं. तिनं बॉनेट उघडलं, टेकू लावला, आणि भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे घातले. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली. ही तिची हत्यारं. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं.

आधी तिनं विचार केला, आणि गंमत बघा, विचारही मिस्त्रीचाच होता. भिंतीपलीकडून तो गिऱ्हाइकांना सांगायचा तो तिला पाठ झाला होता: "पेट्रोल कमी पडलं की गाडी मलूल होते, हळूहळू दम सोडते. पण एकदम फटका बसल्यासारखं झालं ना साहेब, की समजा करंट गळतोय." पुलावर गाडी मलूल होत नव्हती. फटके खात होती. म्हणजे ठिणगी जिथे पडायला हवी तिथे न पडता दुसरीकडेच कुठे तरी पळत होती. हे मिस्त्रीला गिऱ्हाइकाच्या गाडीत दिसतं आणि बायकोच्या गाडीत दिसत नाही? बायको म्हणाली की क्लच, आणि साहेब म्हणाले की करंट? वा रे न्याय!

तिनं गाडी सुरू केली. वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. काही नाही. वायरी जिथून निघतात त्या काळ्या टोपीवर मारला. तिथेही काही नाही, गाडी आपली संथ. मग एकेका प्लगवर. पहिला, ठीक. दुसरा, ठीक. तिसऱ्यावर फवारा पडला मात्र, इंजिननं असा हिसका दिला की बॉनेटचा टेकू खडखडला. तोच फटका. पुलावरचा.

"सापडलास," ती म्हणाली.

तिनं जाऊन अंगणातल्या छपरीतला दिवा बंद केला. अंधुक उजेडात वाकून बघितलं, तर तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरून केसाएवढी निळी रेघ सरसरत खाली लोखंडावर उतरत होती. आत पडायची ठिणगी बाहेरच्या बाहेर सांडत होती. ह्याला म्हणतात घरभेदी! तिनं गाडी बंद केली. पण प्लगचा दोष की वायरीचा, हे ठरायचं होतं. म्हणून पाना घेऊन पहिला आणि तिसरा प्लग खोलून त्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा फवारा मारला. आता तिसरा शांत, आणि हिसका पहिल्याला. दुखणं प्लगबरोबर गेलं. वायर निर्दोष सुटली.

मग तिनं चारही प्लग खोलून फडक्यावर मांडले, दिवा लावला, आणि बघतच राहिली.

चार प्लग चार जातींचे होते. एकाची कंपनी दुसऱ्याशी जुळेना. ब्रशनं घासून लखलखीत केलेले, पण टोकं झिजून गोल झालेली. दुखणाईत प्लगच्या चिनीमातीवर, जुन्या कपाला असतो तसा, एक बारीक तडा. डोळ्यांना धड दिसत नव्हता, पण अंगठ्याचं नख फिरवलं की अडकायचं. आणि खालच्या लोखंडी कडेवर एक चपटा घाव. हातोडीचा. तो घाव तिनं ओळखला.

ओळखणारच. त्या घावावर तर मिस्त्रीचं दुकान उभं होतं! गिऱ्हाइकाच्या गाडीतून जुना प्लग काढला की मिस्त्री तो गिऱ्हाइकादेखत ऐरणीवर ठेवायचा आणि हातोडीनं फोडायचा. "बघून घ्या साहेब, हा आता कुणाच्याही गाडीत जाणार नाही." साहेब खूश. आसपासची सगळी गॅरेजं सोडून लोक इकडे यायचे ते त्या 'टण्' आवाजासाठी. आणि एखादा प्लग बरा असला की मिस्त्रीचा हात हलका पडायचा. आवाज व्हायचा, प्लग नाही फुटायचा. साहेबाची पाठ वळली की तो जायचा पत्र्याच्या डब्यात. डबा कुणासाठी? घरच्यांसाठी.

"प्लगही बदलले," म्हणे! ह्या बदललेल्या प्लगांच्या भरवशावर तिनं आईला सांगितलं होतं, "घाबरू नकोस, ह्यांनी सगळं नवीन घातलंय." हे बोलताना तिला केवढा अभिमान वाटला होता. आता तो आठवून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पण त्याच्या आधी आणखी एकाचा नंबर होता.

मिस्त्री परत आल्याचं तिनं आतून ऐकलं. मधल्या दारानं ती गेली नाही. फडक्यातले प्लग घेऊन घराबाहेर पडली, रस्त्यानं वळसा घातला, आणि गॅरेजच्या पुढच्या दारात, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे, जाऊन उभी राहिली.

"मिस्त्री, आहात का?"

मिस्त्रीनं मान वर केली. "अगं, इकडून काय आलीस? आतून ये ना."

"आतून घरची माणसं येतात. घरच्यांना काय मिळतं ते बघून झालं माझं. आज गिऱ्हाईक म्हणून आलेय." तिनं फडकं ऐरणीवर उलटं केलं. चार प्लग घरंगळले. "ओळखा."

मिस्त्रीनं ओळखले. त्यानं तडा गेलेला प्लग उचलला, नख फिरवलं, आणि त्याचा चेहरा उतरला. पण माणूस एकदम थोडीच कबूल होतो?

"बघितला तेव्हा शाबूत होता," तो म्हणाला. "चांगला चालला असता अजून. फेकवेना माझ्याच्यानं."

"म्हणून माझ्या आईच्या गाडीत घातलात?"

"आईच्या कुठे, घरच्या गाडीत घातला. आणि लपवलं का काही? आपल्याकडे असंच चालतं. सोफा कुठून आला? आरसा कुठून आला? तूच तर येईल त्याला कौतुकानं दाखवायचीस!"

हा वार वर्मी बसला. कारण ते खरं होतं. ती कौतुक करायची, हसायची, पट्टा लावा म्हणायची. मग तिचा आवाज फुटला तो असा, की समोरच्या शिवणकामाच्या दुकानातला शिंपी बाहेर येऊन उभा राहिला.

"सोफा पुलावर बंद पडत नाही, मिस्त्री! आरशाला कुणी मागून हॉर्न मारत नाही! साहेबाला नवा प्लग, कारण साहेब दुसऱ्या गॅरेजात जाईल. आणि आम्ही कुठे जाणार? बायको कुठे जाणार? कुठे जात नाही ना, म्हणून आम्हाला उतरलेलं! मी सांगत होते मिसिंग करते, मिसिंग करते. एकदा, एकदा तरी पुलापर्यंत आलात का? मला म्हणालात क्लच. मला! आई परवापासून येणार नाही म्हणतेय, माहितीये? तिला तुमच्या गाडीत बसण्यापेक्षा मेलेलं परवडतंय. आणि वर मला शपथ घालतेय, जावईबापूंना बोलू नकोस म्हणून!"

मिस्त्रीच्या हातातला प्लग हातातच राहिला. "मरायचं म्हणतात?" त्यानं विचारलं. "मला वाटलं... थकल्या असतील म्हणून गप्प असतात."

"डबा आणा."

"कशाला?"

"आणा म्हणते ना!"

त्यानं फळीवरून पत्र्याचा डबा काढला. तिनं तो ऐरणीवर पालथा केला आणि हातोडी त्याच्यापुढे धरली. "फोडा. साहेबांपुढे फोडता तसे, माझ्यादेखत. आणि हात हलका पडला ना, तर हातोडी माझ्याकडे द्यायची."

मिस्त्रीनं एक फोडला. मग दुसरा. मधे एकदा थांबून त्यानं एक प्लग उजेडात धरला, तोंडातून "हा तर अगदीच..." एवढं निघालं, तोच बायकोनं हात पुढे केला. त्यानं मुकाट्यानं तो ऐरणीवर ठेवला आणि हाणला. चिनीमातीचे तुकडे गॅरेजभर उडाले. तडा गेलेला तो तिसरा प्लग त्यानं सगळ्यात शेवटी घेतला आणि असा मारला की त्याचं लोखंडही चेपलं. शिंपी मान खाली घालून आत गेला.

मग तिनं फळीवरच्या नव्या कोऱ्या खोक्याकडे बोट दाखवलं. "ते घाला."

"ते बँकेतल्या साहेबांचे आहेत. सकाळी गाडी येणारेय त्यांची."

"साहेब कुठे जायचेत? बँकेत. बँक कुठे मरत नाही एक दिवस थांबली तर."

त्यानं खोकं फोडलं. चारही प्लग एकाच कंपनीचे, एकाच दिवशी जन्मल्यासारखे. प्रत्येकाच्या टोकाशी पातळ पत्री घालून त्यानं अंतर मापलं, हातानं आट्यात बसवला, मग पान्यानं आवळला. ती शेजारी उभी राहून बघत होती. काम झाल्यावर त्यानं चावीकडे हात नेला. "सुरू करून बघतो."

"अंगणात नाही," ती म्हणाली. "पुलावर बघायचं. परवा. तुम्ही मागे बसून."

दवाखान्याच्या दिवशी सकाळी आई उठायलाच तयार होईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मिस्त्रीणबाईनं समजावलं, ओरडली, शेवटी म्हणाली, "तुझे जावईबापू येतायत आज. मागे तुझ्याशेजारी बसणार आहेत. त्यांनी गॅरेज बंद ठेवलंय. आता तूच सांग त्यांना, येत नाही म्हणून." जावयाला नाही म्हणणं आईला ह्या जन्मात जमणारं नव्हतं. ती उठून बसली, केस सारखे केले आणि चपला शोधायला लागली.

गाडी निघाली. मिस्त्री मागे आईच्या उशीशेजारी अंग चोरून बसला होता. घरच्या गाडीत मागे तो पहिल्यांदाच बसत होता, गुडघे कुठे ठेवायचे हेही त्याला उमगत नव्हतं. बाजार गेला, शाळा गेली, आणि पुढच्या वळणावर पूल दिसला. आईनं डोळे मिटले. तिचा हात सीटवर काहीतरी धरायला चाचपडला आणि मिस्त्रीच्या हातावर पडला. तिनं तो धरला. त्या वाळलेल्या बोटांमध्ये एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक, नखं त्याच्या तळव्यात रुतली. मिस्त्रीच्या तोंडून "आई गं" निघालं ते त्यानं खोकून झाकलं.

पुढे बायकोनं गिअर खाली घेतला आणि जोर दिला. गाडी चढाला लागली. फटका नाही, आचका नाही, इंजिनचा एकसंध आवाज. मागून कुणी हॉर्न दिला नाही. माथा आला, गेला, गाडी उताराला लागली. आणि बाईला वाटलं होतं की आता हायसं वाटेल, तर उलट तिला असा संताप आला की स्टिअरिंगवर डोकं आपटावं. एवढंसंच होतं? हाताच्या मुठीत मावतील एवढे चार प्लग, आणि तेवढ्यासाठी आई इतके दिवस ह्या रस्त्यावर दर खेपेला थोडी थोडी मरत होती?

आरशात तिनं मागे बघितलं. मिस्त्री आपल्या हाताकडे बघत बसला होता. आईची नखं अजून तशीच रुतलेली.

"पूल आला का गं?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"गेला, आई," बायको पुढून म्हणाली. "मागे राहिला केव्हाच."

आईनं डोळे उघडले, काचेतून मागे वळून बघितलं. पूल खरंच मागे होता. तिनं मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले, पण हात काही सोडला नाही.

"असू दे," ती म्हणाली. "येताना अजून आहेच."

मिस्त्रीनं हात काढून घेतला नाही.